थोरलीला फुटलेला घाम

५ तारीख, सोमवार

आजपासून मी लिहिणार. आमचे हे लिहायचे रोज. शेडमध्ये खिळ्याला अडकवलेली जाड वही, संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दोन-तीन ओळी. हे गेले त्याला आठ महिने झाले, वही तशीच लटकतेय. मी ती उलटी करून मागच्या पानापासून सुरू केली. पुढून त्यांचं अक्षर आहे, ते माझ्याच्याने बघवत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही निम्मं वर्ष घरी बसून. चुका होतील. कोण बघतंय.

आठ महिने सगळं मिस्त्रींवर सोडलं होतं. मी नुसती किल्ली द्यायची आणि किल्ली घ्यायची. आता पुरे. मालकीण आहे तर मालकिणीसारखं वागते.

आज साफसफाई काढली. मोठ्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, एक जुनी रजई पडलेली असते, तेलाने काळीकुट्ट. ह्यांनी त्या लेथचं नाव थोरली ठेवलं होतं. म्हणजे मी धाकटी. थोरलीला रजई आणि धाकटीला ओटा पुसायचं फडकं, असा आमचा संसार. ती रजई उचलली आणि मागच्या बाजूला टाकली, तिथली कुत्री लगेच येऊन बसली तिच्यावर. थोरलीच्या खालच्या कप्प्यात एक बल्ब जळत होता. कप्प्याचं दार बंद, आत हत्यार नाही, काही नाही. दिवसरात्र जळतोय. कुणाला उजेड पाहिजे तिथे, झुरळांना? काढून टाकला.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तो दादांनी..."

मी म्हटलं, "दादा गेले, मिस्त्री. आता मी आहे."

पाठ फिरवून मशीन पुसायला लागले. तीस वर्षं लेथवर उभं राहून माणूस लेथसारखाच होतो. बटण दाबल्याशिवाय आवाज नाही.

६ तारीख, मंगळवार

नवीन प्लॅस्टिक आणलं. जाड, पारदर्शक. तिन्ही मशीनवर घट्ट घातलं, खालून दोरीने आवळलं. आता शेड कशी दवाखान्यासारखी दिसते.

गॅसची शेगडी कालच आणून ठेवली होती. खरं सांगायचं तर ती मिस्त्रींसाठी. पत्र्याची शेड, बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार. सकाळी त्यांचे गुडघे धरतात, पहिला तासभर कुबड्या नसलेल्या लंगड्यासारखे चालतात. ह्यांनी एवढी वर्षं बघितलं पण एक शेगडी आणली नाही. मी सातला येऊन पेटवली, वर पाण्याचं मोठं पातेलं ठेवलं चहासाठी. आठला ते आले तेव्हा शेड अंथरुणासारखी उबदार.

मला वाटलं, बरं वाटेल माणसाला. तर म्हणतात, "शेगडी आत नको, वहिनी. बाहेर ठेवा."

"बाहेर ठेवून काय कावळ्यांना शेकायचंय?"

"लोखंडाला मानवत नाही."

लोखंडाला! माझ्या नवऱ्याने घेतली नाही म्हणून लोखंडाला मानवत नाही. मी केलेलं मिस्त्रींना मानवत नाही, एवढाच अर्थ. शेगडी राहिली.

८ तारीख, गुरुवार

पंपवाल्या शेठचं काम चालू आहे. साठ शाफ्ट, म्हणजे पंपातले गोल दांडे, घासून आरशासारखे करून द्यायचे. चौतीस झाले. ट्रेमध्ये ओळीने ठेवलेत, वरून प्लॅस्टिक. छान दिसतात.

शेगडीने खिडक्या इतक्या धुऊन निघाल्यात की काचेवरून पाणी ओघळतं. वर्षभराची घाण गेली.

घरी एक गंमत. वन्सं बाजारातून आल्या ते थेट स्वयंपाकघरात, माझं पातेलं रटरटत होतं. दारातच त्यांचा चष्मा पांढरा झाला आणि त्या स्टुलावर आपटल्या. मी हसले. त्या चिडल्या, "हसतेस काय? बाहेर एवढी थंडी, काच गार झालेली असते. गरम वाफेत आली की धरते पाणी." मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या चष्म्यालाही तुमच्यासारखं सारखं काहीतरी होत असतं." ह्यांच्या थोरल्या बहीण. माझं तोंड त्या तीस वर्षं सहन करतायत. काय करणार, दुसरं घर नाही त्यांना.

१२ तारीख, सोमवार

शाफ्टवर डाग. तांबूस, मुगाएवढे. पाच-सहा शाफ्टवर तर लांबट, बोटांसारखे.

मिस्त्रींना विचारलं, "तेल लावता ना संध्याकाळी?"

"लावतो."

"मग हे काय?"

"पाणी धरतंय, वहिनी. शेगडी काढा. मी जाडा कोट घालून येत जाईन."

परत शेगडी. मी त्यांच्या गुडघ्यांसाठी आणली आणि ते तिच्याच नावाने खडे फोडतात. मला इतकं लागलं ते की मी काही बोललेच नाही, आणि मी बोलले नाही म्हणजे किती लागलं असेल ते माझं मलाच माहीत. डाग घासून काढायला लावले.

१४ तारीख, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवते, कारण मी बरोबर केलं असं मला वाटतं.

पंपवाले शेठ काम बघायला आले. शेजारचा ग्राइंडिंगवाला आणि त्याचे दोघं कारागीर आमच्याकडे चहाला आलेले. शेठनी एक शाफ्ट उचलला, उजेडात फिरवला. म्हणाले, "हे बोटांचे ठसे आहेत. काही माणसांच्या हाताला खारट घाम असतो. लोखंडाला शिवले की गंज. आमच्याकडे एक होता, त्याला शेवटी दुसरं काम दिलं."

सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मीपण. मनात आलं, म्हणजे शेगडी-शेगडी करून मिस्त्री स्वतःचे हात लपवत होते.

मी म्हटलं, "मिस्त्री, हात दाखवा."

त्यांनी दाखवले. दोन्ही, पालथे नाही, उताणे. शाळेत छडी खायला मुलं धरतात तसे. मी एक पट्टी घेतली, हातभर लांब, वीतभर रुंद. ग्राइंडिंगवाल्याने ती घासून लखलखीत करून दिली. म्हटलं, "ठेवा पंजा. सकाळी बघू."

मिस्त्रींनी पंजा ठेवला. उचलला. मग म्हणाले, "वहिनी, शेजारी तुमचाही ठेवा."

ग्राइंडिंगवाला फिस्सकन हसला. म्हणाला, "वहिनी काय लेथ चालवतात का?" मग सगळेच हसले. मला राग आला. चोर पकडला की म्हणे पोलिसाचीही झडती घ्या. मी पट्टी प्लॅस्टिकखाली ठेवली आणि विषय संपवला.

१५ तारीख, गुरुवार

पट्टीवर पंजा उमटला. पाचही बोटं. अंगठ्याची जुनी खूणसुद्धा दिसतेय.

मी ती सगळ्यांना दाखवली. शेजारी जाऊन दाखवली. शेठना फोन करून सांगितलं. मिस्त्रींना म्हटलं, "उद्यापासून तुम्ही तयार मालाला हात लावायचा नाही. लावायचा तर हातमोजे."

"लेथवर हातमोजे घालत नाहीत. काम पकडून फिरणाऱ्या चकात अडकला तर हात आत जातो."

"मग लेथवर नका जाऊ."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून थोरलीवर ठेवलं. आपला डबा घेतला. दारात थांबून म्हणाले, "दादांच्या वेळी माझ्या हातावर कुणी बोट ठेवलं नव्हतं." मग गेले. आज गुडघे दुखत होते की नव्हते, चालताना काही कळलं नाही.

जाऊ दे. दुसरा मिळेल.

१७ तारीख, शनिवार

वन्सं म्हणाल्या, "अगं, तू म्हणे मिस्त्रीला काढलंस? किराणावाला विचारत होता, त्याच्या हाताला काही रोग आहे का म्हणून."

"रोग नाही, घाम."

"तीस वर्षं नव्हता आला घाम? आत्ताच फुटला?"

मी म्हटलं, "तुम्ही चष्मा पुसा."

१९ तारीख, सोमवार

थोरली बंद. ग्राइंडिंगवाल्याचा एक कारागीर दोन दिवस येऊन काम करेल म्हणाला. शाफ्टला मी स्वतः तेल लावते, मी स्वतः प्लॅस्टिक घालते. शेगडी सवयीने सकाळी लावतेच, आता माझ्यासाठी.

तरी डाग. थोरलीच्या बेडवर, म्हणजे तिच्या लांब लोखंडी पाठीवर, जिथे मिस्त्रींचा हात आता लागतच नाही, तिथेही. छोट्या ड्रिलवर पण. मला वाटतं पत्रा गळतो. वर चढून बघितलं. गळत नाही. खाली उतरताना शिडीवरून माझा पाय घसरला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. पडण्याची नाही.

२३ तारीख, शुक्रवार

तीन दिवस तापाने अंथरुणात. शेड बंद. वन्संनी सगळं केलं. मी त्यांना एकदाही टाकून बोलले नाही, त्यावरून त्यांनी डॉक्टरला बोलावलं.

२४ तारीख, शनिवार

आज गेले. शटर उघडलं. दात वाजतील अशी थंडी. प्लॅस्टिक काढलं, थोरलीच्या बेडवरून हात फिरवला.

कोरडी. खडखडीत कोरडी. शाफ्टवर एक नवीन डाग नाही. खिडक्याही कोरड्या, आणि मळकट.

मी उभी राहिले. मग म्हटलं, बघूच. शेगडी पेटवली, वर पातेलं ठेवलं आणि स्टूल घेऊन थोरलीसमोर बसले, जसं एखाद्याच्या उशाशी बसावं तसं.

अर्ध्या तासात चकावर धूसर पापुद्रा आला, बोटाने पुसला तर परत आला. मग बेडवर बारीक थेंब. मग थेंब एकमेकांत मिसळून ओघळायला लागले. मला वन्संचा चष्मा दिसला. रात्रभर गारठलेलं लोखंड, आणि मी सकाळी येऊन त्याच्या तोंडावर वाफ सोडते. वरून प्लॅस्टिकची घट्ट टोपी, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच. आणि तो बल्ब. मी कप्प्याचं दार उघडलं, आत हात घातला. आत बर्फासारखं गार. बल्ब उजेडासाठी नव्हताच. थोरली गार पडू नये म्हणून होता.

शेगडी बंद केली. मग एक पट्टी घेतली, स्वतः घासली, कानशीने आणि पॉलिशपेपरने, तासभर. तिच्यावर माझा पंजा ठेवला. घट्ट दाबून. प्लॅस्टिकखाली ठेवली आणि शेगडी परत पेटवून संध्याकाळपर्यंत चालू ठेवली, जशी रोज ठेवायची.

२५ तारीख, रविवार

उमटला. माझी करंगळी वाकडी आहे, लहानपणी दारात चेमटलेली. ती वाकडीसकट उमटली.

मिस्त्रींपेक्षा जास्तच लाल.

"शेजारी तुमचाही ठेवा," म्हणाले होते. मी ठेवला असता तर? एवढंच करायचं होतं. एक हात, शेजारी. तेवढंही नाही झालं माझ्याच्याने, कारण लोक हसले.

संध्याकाळ

वही सुलटी केली. त्यांचं वाचलं. अक्षर बघून रडू येईल असं वाटलं होतं, पण रोज तेच तेच लिहिलंय. "हवा ओली. दार बंद ठेवलं. बल्ब चालू. थोरली कोरडी." "हवा कोरडी, थंड. दुपारी दार उघडलं. रजई घातली." पानंच्या पानं. माझ्या मनात आलं, एवढं कंटाळवाणं माणूस कसं लिहू शकतो. आणि मग हे सापडलं, मागच्या हिवाळ्यातलं, जसंच्या तसं उतरवते:

"मिस्त्रीचे गुडघे फार धरतात म्हणून गॅसची शेगडी आणली. सगळ्या मशीनला पाणी सुटलं. गॅस जळतानाच पाणी सोडतो असं मिस्त्री म्हणाला, पातेलं नसलं तरी. मला पटेना. पातेलं न ठेवता करून बघितलं, खरं निघालं. शेगडी परत केली. मला वाईट वाटलं तर तोच मला समजावतो, दादा, गुडघ्यांना तेल लावता येतं, आधी थोरली."

मला वाटायचं ह्यांनी आणली नाही. ह्यांनी आणली होती. घरी सांगितलं नाही, कारण घरी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, परत कशाला केली, दुकानदाराची बोलणी खायची सवयच तुम्हाला. म्हटलंच असतं.

२६ तारीख, सोमवार

शेगडी ग्राइंडिंगवाल्याला दिली, म्हटलं घरी ने, इथे पेटवलीस तर बघ. त्याला दोन्ही पट्ट्या दाखवल्या. तो म्हणाला, "अरेच्चा, वहिनी, म्हणजे तुमचेपण हात..." मी म्हटलं, "माझे हात नाही, माझं डोकं. आणि तू हसला होतास, ते लक्षात आहे माझ्या." त्याने मान खाली घातली. माझी कुठे वर होती.

बल्ब लावला. प्लॅस्टिक काढलं. रजई आणायला मागे गेले तर कुत्रीने तिच्यावर चार पिल्लं दिलेली. तशीच ठेवली. घरून आमच्या पलंगावरचं, ह्यांच्या बाजूचं ब्लँकेट आणलं आणि थोरलीवर घातलं. घरून निघताना वन्संनीच त्याची घडी करून दिली. 

शेठना फोन केला. "मिस्त्रींच्या हातात खोट नव्हती. शेगडीने झालं. शेगडी माझी." ते म्हणाले, "होतं असं." त्यांच्यासाठी होतं असं. माल पुढच्या आठवड्यात देते म्हटलं.

मिस्त्री कुठे आहेत ते विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडेच आहेत की. पॅकिंगला. लेथवर कसं घेणार, तुम्हीच सांगितलेलं ना."

२७ तारीख, मंगळवार

गेले. शेठचा कारखाना मोठा, उंच छप्पर, ओळीने लेथ. मिस्त्री लेथवर नव्हते. अगदी शेवटी, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, खाली बसून पंप बांधत होते. हातात पांढरे सुती हातमोजे. ज्या माणसाला कानाने कळायचं की चक किती सैल आहे, तो चिकटपट्टी लावत होता. शेजारी दोन पोरी, त्यांना हातमोजे नव्हते. फक्त यांनाच.

वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. सगळं गेलं. मी पिशवीतून पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर वर धरली. म्हटलं, "हा माझा हात. यांचा नाही. गंज माझ्यामुळे धरला. मी यांना चार लोकांसमोर हात पुढे करायला लावले, माझे मागे ठेवले." आवाज मोठा आला. माझा आवाज मोठाच आहे, भांडायला कामाला येतो. माफीला तो बरा दिसत नाही, आज कळलं.

पोरी बघायला लागल्या. पलीकडचे लेथवालेसुद्धा.

मिस्त्रींनी पट्टी हातात घेतली. हातमोज्यातच. उजेडाकडे धरून फिरवली. म्हणाले, "करंगळी वाकडी आहे."

"आहे."

"ह्या पट्टीला तेल लावलं नाहीत."

"नाही."

"थोरलीला बल्ब लावला?"

"लावला. साठचा."

"साठचा कशाला? कप्पा तापेल. दादा चाळीसचा लावायचे." पट्टी मला परत दिली. परत चिकटपट्टी ओढायला लागले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "महिनाअखेरपर्यंत इथे शब्द दिलाय. मग बघू."

मी म्हटलं, "या हो मिस्त्री."

मी 'या हो' कुणाला म्हटलं होतं शेवटचं, आठवत नाही.

२९ तारीख, गुरुवार

चाळीसचा लावला. थोरली कोरडी.

२ तारीख, सोमवार

सकाळी आठला शटरसमोर उभे होते. जाडा कोट घालून. मी चहा शेजाऱ्याकडून आणला, आत काही पेटवलं नाही. त्यांनी ब्लँकेट उचललं, थोरलीच्या बेडवरून उघडा हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.  मला तेवढं पुरलं, असं वाटलं.

मग पहिला शाफ्ट झाला. त्यांनी मशीन थांबवलं, खिशातून ते पांढरे हातमोजे काढले, एकेक बोट सारखं करत घातले, शाफ्ट उचलून ट्रेमध्ये ठेवला. हातमोजे काढले. खिशात. मशीन सुरू.

मी म्हटलं, "मिस्त्री, काढून टाका ते. मी सांगते ना."

म्हणाले, "असू द्या, वहिनी. सवय झाली आता."

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

वहीत माझी पानं आणि ह्यांची पानं यांच्यामध्ये एकच कोरं पान उरलंय. मी मिस्त्रींना म्हटलं, आजचं तुम्ही लिहा, हवा कशी आहे ते. म्हणाले, हात तेलकट आहेत.

दिवसभरात सतरा शाफ्ट झाले. सतरा वेळा घातले, सतरा वेळा काढले. मी स्टुलावर बसून बघत होते. उठून बाहेर जाता आलं असतं. गेले नाही.